चार शनिवार

“कधी?” एवढंच विचारलं बर्डेटने. रविवारची सकाळ, सातला दहा कमी, ऑम्लेटच्या रांगेत माझ्यापुढे तो आणि त्याच्यापुढे कोणीच नाही. ‘करायचं का?’ नाही, ‘तुझं काय मत?’ नाही, सरळ ‘कधी?’ आणि मला तत्क्षणी कळलं कशाबद्दल, हेच मला झोंबलं. ‘कशाबद्दल?’ असं विचारायचं नाटक तरी करावं माणसाने. मला तेवढंही सुचलं नाही, मी तव्यावरच्या मिरच्या बघत राहिले. मग त्याने आवाज खाली आणून सांगितलं की व्हेलनकडून कॉल काढून घ्यायचे हे त्याच्या मनाने घेतलंय, फक्त या आठवड्यात की पुढच्या की सीझन संपल्यावर, एवढंच उरलंय, आकडे माझ्याकडे आहेत तर दुपारी तीनला येऊन सांग. जाता जाता म्हणाला, कीननलाही बाकावर बसवावं लागेल बहुतेक, पोरगं फारच ढिलं झालंय. दोन सॉसेज उचलले आणि गेला. बर्डेट आमच्या फुटबॉल टीमचा हेड कोच आहे, त्याला माणसं हलवायचीच असतात, तो त्याच्या कामाचाच भाग आहे. पण माणूस हलवायचा प्रश्न न्याहारीच्या रांगेत, तोही अंडं फुटायच्या आत निकालात काढायचा, हे माझ्या डोक्यात गेलं. ऑम्लेट न घेताच मी बाहेर पडले.

हा खेळ बाबांना समजावताना मला तीन रविवार लागले होते. मी शरयू रामटेके, नागपूरच्या इंदोऱ्याची, वय एकतीस, स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस. करायला ॲरिझोनात आले आणि फीनिक्सजवळच्या एका युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमची आकडेवाली होऊन बसले. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, लांबुळका चेंडू हातात घेऊन धावायचा, हेल्मेटवाला. यात दर पाच-सहा सेकंदांनी खेळ थांबतो आणि दर वेळी नवा बेत ठरतो, चेंडू घेऊन धावायचं की फेकायचा, कोणी कुठे पळायचं. असे सत्तर बेत एका सामन्यात. ते ठरवणारा माणूस मैदानात नसतोच, वर काचेच्या खोलीत बसतो, समोर हातभर लांब कागद. आधीचा खेळ संपला की चाळीस सेकंदांचं घड्याळ उलटं सुरू होतं. तेवढ्यात वरच्याने बेताचं नाव रेडिओत बोलायचं, खाली क्वार्टरबॅकने, म्हणजे आमच्या कीननने, ते हेल्मेटमध्ये ऐकायचं, बाकीच्या दहा जणांना सांगायचं, सगळ्यांना जागेवर उभं करायचं. घड्याळात पंधरा उरले की रेडिओ आपोआप बंद. वाक्य अर्धं राहिलं तरी बंद. बाबा ऐकून म्हणाले, म्हणजे गायन पार्टीचा मुख्य गायक म्हण ना, पब्लिक पाहून पुढचं गाणं कोणतं ते तो ठरवतो अन् मागे पार्टीला एक शब्द टाकतो. अगदी तसंच बाबा, मी म्हटलं होतं. आमचे मुख्य गायक म्हणजे कोच व्हेलन. वय बासष्ट. मी त्यांच्या डाव्या हाताला दीड फुटावर बसते, कानाला हेडसेट, पुढ्यात लॅपटॉप, आणि त्यांचा प्रत्येक कॉल, म्हणजे त्यांनी सांगितलेला बेत, टिपते. इंग्रजीत सगळे सारखेच, पण माझ्या मनात बर्डेट ‘तो’ आहे आणि व्हेलन ‘ते’, पहिल्या वर्षापासून.

पहिल्या वर्षी मला जिन्याखालच्या खोलीत बसवलं होतं. शेजारी प्रोटीनच्या डब्यांचे खोके. मी रिपोर्ट पाठवायचे, कोणी उघडायचं नाही. ऑगस्टमध्ये एक दिवस व्हेलन खाली आले, खोक्यावर बसले आणि विचारलं की तू लिहिलंयस तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, आम्ही घाबरतो, ते कशावरून. मी सांगितलं. पाऊण तास ऐकलं त्यांनी, मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत माझ्या नावाचा हेडसेट होता. तिथल्या दोन तरुण कोचेसनी कुरकुर केली तर म्हणाले, हिला ऐकता येतं, तुम्हाला बोलता येतं, मला दोन्ही लागतं. एप्रिलमध्ये मी चौदा तारखेची सुट्टी मागितली, त्यांनी सहज कारण विचारलं, मी बाबासाहेबांबद्दल तुटक काहीतरी सांगितलं. पुढच्या वर्षी तेराच्या संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, उद्या येऊ नकोस, आणि मग अर्धा तास मला काठमांडू करार की पुणे करार असं विचारत बसले. पुणेच, मी म्हटलं, काठमांडूचा काय संबंध. खूप हसले. या देशात मी सात वर्षं आहे, माझ्या चौदा एप्रिलबद्दल वाचून काढणारा हा एकच माणूस. आणि या माणसाचं ‘कधी’ मी ठरवायचं, तेही तीनच्या आत.

मोजायची खोड मला लहानपणापासून. जिने चढताना पायऱ्या, वरातीतले दिवे, काकू बोलताना किती वेळा ‘म्हणजे’ म्हणते. त्यामुळे व्हेलनच्या कॉलच्या तक्त्यात कोणी न सांगता मी एक रकाना वाढवलेला आहे, खेळ थांबल्यापासून त्यांचं तोंड उघडेपर्यंत किती सेकंद गेले. पहिले तीन सामने आठ. आठ म्हणजे उत्तम, आठनंतर बोलले की कीननला श्वास घ्यायला वेळ मिळतो. चौथ्या सामन्यात साडेनऊ झाले. पाचव्यात अकरा. सहाव्यात बारा. काल तेरा. तेरा ही सरासरी हं, काल तीन वेळा सतरा-अठरा झाले आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत रेडिओ बंद पडला. खाली कीननला अर्धंच नाव मिळालं, तो हात हलवत इकडेतिकडे बघतोय, बर्डेट मैदानाच्या कडेवरून त्याच्यावर ओरडतोय. मैदानावरून दिसतं ते पोरगं ढिलं पडल्याचं. वरून मला दिसतं की पोराच्या कानात काही पोचलंच नाही. आणि काल तिसऱ्या क्वार्टरमध्ये व्हेलन म्हणाले, “लॅरमी.” आमच्या कागदावर लॅरमी नावाचा बेतच नाही. वीस वर्षांपूर्वी ते दुसऱ्या कॉलेजात होते, तिथला कधीचा तरी असावा. हेडसेटवर प्रत्येकाला वाटलं आपलीच ऐकण्यात चूक झाली. चार सेकंदांनी त्यांनी बरोबर नाव सांगितलं. मी रकान्यात सतरा लिहिलं.

गंमत अशी की त्यांचे कॉल चांगले आहेत. मागच्याच पंधरवड्यात बर्डेटने विचारलं होतं, व्हेलन ओळखू येण्यासारखं खेळतोय का, समोरच्यांना आधीच कळतं का. मी दोन दिवस खपून रिपोर्ट दिला. नाही, कळत नाही, त्यांची निवड आमच्या लीगमधल्या बहुतेकांपेक्षा सरस आहे. खरंच आहे ती. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर मी दिलं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्याच रकान्यात होतं, तो रकाना मी पाठवताना लपवला. हाइड कॉलम, एक क्लिक. स्वतःला सांगितलं, तीन-चार सामन्यांत काय कळतं. आकडेवाल्या माणसाला गप्प बसायचं असलं की त्याच्याकडे फार सोज्वळ कारण असतं, नमुना लहान आहे. कोणी त्यावर बोटसुद्धा ठेवू शकत नाही. आता तीन वाजता मी बर्डेटला म्हणू शकते, सीझन संपल्यावर. आकडा पाठीशी आहे, तो आकड्यापुढे वाद घालत नाही. व्हेलन अजून पाच शनिवार बसतील, मग सन्मानाने निवृत्त होतील, केक कापतील, कोणाला काही कळणार नाही. फक्त त्या पाच शनिवारी रेडिओ अर्ध्यावर बंद पडत राहील, आणि कीनन शिव्या खात राहील, नाहीतर बाकावर बसेल. आणि ‘आजच’ म्हटलं तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं की बासष्ट वर्षांच्या माणसाबद्दल या इमारतीत एकच गोष्ट कुजबुजली जाईल, मग त्याने चाळीस वर्षांत काय काय केलं ते कोणी विचारणार नाही.

गाडीत बसले. ऑक्टोबर संपत आला तरी इथे सकाळी आठला स्टीअरिंग चटका देतं. नागपूरची असून मला या उन्हाची चीड येते, तिथलं ऊन निदान मे महिन्यात येतं आणि जातं. अपर्णाला फोन केला. अपर्णा माझी रूममेट, पुण्याची, जवळच्या चँडलरला कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात आहे, मशीन बिघडलंय की नाही हे ओळखण्याचंच तिचं काम. नावं गाळून विचारलं, तुमच्याकडे लाइन बंद कधी करतात? तिने झोपेतच सांगितलं की अगं नियम असतो, आलेखावर ओळीने तीन-चार ठिपके एकाच दिशेला चढत गेले की बंद करायचं, विचार करायचाच नाही, विचार करायला लागलं की माल वाया जातो. मग म्हणाली, यार, रविवारी लोक झोपतात, आणि फोन ठेवला. ठिपक्याच्या जागी खोक्यावर बसलेला माणूस असेल तर काय करायचं, ते विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, तोंडातून निघालंच नाही. मी गाडी सुरू केली, कालव्यापर्यंत गेले, वळले, परत येऊन त्याच पार्किंगमध्ये लावली. असं दोनदा केलं.

खरं म्हणजे मला माहीत होतं मी कशाला घाबरतेय. सात गाण्यांना. मी दहावीत होते. बाबा, राजाराम रामटेके, दिवसा महावितरणात लाइनमन आणि बाकी वेळ आमच्या भागातल्या भीमगीतांच्या गायन पार्टीचे मुख्य गायक. मी स्टेजवर त्यांच्या मागे वही घेऊन बसायचे, कडवं विसरलं तर हळूच ओळ पुरवायला. त्या मार्चमध्ये त्यांचा आवाज वर जाईना. वरची जागा आली की ते हात वर करायचे आणि सूर खालीच राहायचा, कोरस टाळ्या जोरात वाजवून झाकून घ्यायचा. ढोलकीवाले धर्मराजकाका एका रात्री कार्यक्रमानंतर चहाच्या टपरीवर मला म्हणाले, शरू, तू मागं बसते, तुले नीट ऐकू येते, राजारामचा आवाज गेला का गं? पोर असले तरी मला कोणीतरी मत विचारलं होतं. मी फुगले. म्हटलं, काका, आज सात गाणी झाली, चारमध्ये वरचा सूर लागला नाही. सातपैकी चार. मला अजून आठवतं, ते सांगताना मला फार हुशार वाटलं होतं. चौदा एप्रिलच्या दोन दिवस आधी माइक प्रसाददादाकडे गेला. बाबांना कोरसमध्ये दुसऱ्या रांगेत बसवलं. ते बसले, टाळ्या वाजवल्या, घरी येऊन जेवले. मे महिन्यात त्यांचा घसा सुटला. नुसता संसर्ग होता, डॉक्टरने दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. आवाज पूर्वीसारखा, किंबहुना जास्तच मोकळा. पण एकदा माइक दुसऱ्याच्या हातात गेला की तो कोण परत मागतं? प्रसाददादा चांगला गात होता, लोकांना आवडत होता. बाबा पुढची सात वर्षं दुसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होते. तेव्हापासून लहान नमुन्यावर बोलायचं नाही, हे मी शिकले, आणि त्यातच पदवी घेतली, आणि त्यावरच पोट भरते.

ॲरिझोनात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, म्हणून बाबांना रविवारचा हिशेब पक्का ठाऊक असतो, इथे साडेआठ झाले की तिथे रात्रीचे नऊ, जेवण झालेलं, फोन येणार. जयभीम झालं, जेवलीस का झालं, गुडघ्याचं झालं. मग मी म्हटलं की बाबा, एक सांगायचंय, आणि सोळा वर्षं जे घशात धरून ठेवलं होतं ते पार्किंगमध्ये, एसी फुल करून सांगितलं.

“त्या वर्षी धर्मराजकाकांना मीच सांगितलं होतं. सातपैकी चार.”

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. “मले ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “धर्मराजले ढोलकी येते. मोजता कुठं येते?”

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, दोन्हीचं एकच काहीतरी झालं. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस मला दर रविवारी जेवलीस का विचारत होता आणि त्याला ठाऊक होतं. मी विचारलं, रागावला नाहीत? ते म्हणाले, कायले रागावू, मोजलं ते बरोबरच होतं, चारच होते, मी बी मोजले होते.

“पण तो माझा आकडा होता ना, पोरी,” ते म्हणाले. “साऱ्या पार्टीले माहीत झाला, अन् मले स्टेजच्या मागं कळला. तू घरात मले म्हटलं असतं, बाबा, लागून नाही राहिला सूर, तर मीच म्हटलं असतं प्रसादले, बापा, यंदा तू गा. मग मे महिन्यात मागून घेता आला असता.”

आवाजात कुठे कडवटपणा नव्हता, हेच जड गेलं. नंतर त्यांनी रुहीच्या बारशाचं काहीतरी सांगितलं, माझ्या चुलतभावाची मुलगी, मी हं हं करत राहिले. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ स्टीअरिंग धरून बसले. मग एकदम हलकंच वाटलं मला, अगदी निर्लज्जासारखं हलकं. उत्तर मिळालं होतं ना. कधी हा प्रश्नच नव्हता, आधी कोणाला हा प्रश्न होता. या वेळी मी योग्य माणसाकडे जाणार, तोंडावर सांगणार, बर्डेटच्या आधी. सोळा वर्षांनी का होईना शहाणी झाले. स्वतःवर खूश होऊन मी आत जाऊन उरलेलं एक थंड ऑम्लेटसुद्धा खाल्लं. तरी व्हेलनच्या दारापर्यंत पोचायला मला दोन वाजले, आधी पाच तास मी तोच तक्ता पुन्हा पुन्हा तपासत होते, जणू तपासल्याने तेराचे आठ होणार होते.

व्हेलनच्या खोलीत पडदे ओढलेले, भिंतीवर कालचा सामना थांबवलेला. कीनन दोन्ही हात पसरून उभा होता त्या चित्रात. बस म्हणाले. मी बसले नाही, बसले असते तर बोलले नसते. म्हटलं, कोच, तुमचे कॉल चांगले आहेत, पण उशिरा येतायत, आणि लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. सात ठिपके, पहिले तीन सपाट, मग चढती रेघ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. इतकं निरखून त्यांना मी फक्त समोरच्या टीमचा बचाव बघताना पाहिलंय. बराच वेळ गेला. मी सवयीने सेकंद मोजायला लागले आणि स्वतःची किळस येऊन थांबले.

“ही रेघ तू आज काढलीस?” त्यांनी विचारलं.

“नाही. दर शनिवारी एकेक ठिपका.”

“म्हणजे चौथ्या ठिपक्यापासून तू बघत होतीस.”

मी म्हटलं, नमुना लहान होता. म्हटलं, तीन-चार सामन्यांत नक्की सांगता येत नाही. म्हटलं, मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल. तिन्ही खरी कारणं होती आणि तिन्ही त्या खोलीत एकामागून एक खाली पडली. व्हेलन खुर्चीत मागे टेकले. ते चिडतील असं मला वाटलं नव्हतं. ते आभार मानतील असंच कुठेतरी मनात धरून मी आले होते, हे तेव्हा कळलं.

“चार शनिवार,” ते म्हणाले. “चार शनिवार तू माझ्या शेजारी बसलीस, आणि मंगळवारी मी त्या पोराला सगळ्यांसमोर मंद म्हणालो. मंद. मला वाटलं तो ऐकत नाही. त्याने मान खाली घातली आणि ‘येस सर’ म्हणाला. तुला माहीत होतं आणि तू त्याच खोलीत होतीस.”

होते. तिसऱ्या रांगेत. कीननचा कान लाल झालेला मी बघितला होता आणि वहीत काहीतरी गिरवत राहिले होते. मी सॉरी म्हणाले. इंग्रजीत ते फार पटकन म्हणता येतं, त्याचा मला तेव्हा राग आला, मराठीत निदान दोन-तीन शब्द शोधावे तरी लागतात. दहावीत तोंड उघडलं म्हणून एक माणूस दुसऱ्या रांगेत गेला, आणि आता तोंड मिटलं म्हणून एका पोराने सगळ्यांसमोर मान खाली घातली. लवकर बोलून चुकले, उशिरा बोलून चुकले, आणि दोन्ही वेळी मी बरोबर मोजलं होतं. सकाळचं ते हलकं वाटणं आठवून मला लाज वाटली. या वेळी आधी त्यांना सांगितलं खरं, पण आधी म्हणजे बर्डेटच्या आधी. चार शनिवार आधी नाही.

मग त्यांचा राग ओसरला, किंवा त्यांनी तो बाजूला ठेवला. पडद्यावरच्या कीननकडे बघत सांगायला लागले की सप्टेंबरपासून असं होतंय. खेळ दिसतो, सगळा दिसतो, कोण कुठे पळणार, कुठे जागा होणार, पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतो. नाव येत नाही. नाव जिभेच्या मागे उभं राहतं. घरी नातीच्या नावाचंही एकदा झालं. बायको डॉक्टरकडे चला म्हणतेय, तेच सीझन संपल्यावर म्हणून टाळत होते. आपल्याला सात-आठ सेकंदच लागतायत असं त्यांना वाटत होतं. तेरा? पुन्हा त्यांनी रेघेकडे बघितलं. आतून इतकं लांब वाटत नाही, म्हणाले. मला काहीतरी करावंसं वाटलं, पाणी द्यावं, हात धरावा, आपल्याकडे असतं तर पाया पडून रडले असते. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिले.

“बर्डेटने तुला किती वाजताची वेळ दिलीय?” त्यांनी विचारलं.

मी दचकले. त्याने तुम्हाला सांगितलं का, विचारलं. नाही, म्हणाले, पण आज सकाळी तो माझ्याशी फार गोड बोलला. घड्याळ बघितलं, तीनला दहा कमी होते. उठले, कोपऱ्यातली टोपी घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. मी म्हटलं की तुम्ही यायची गरज नाही, मी नीट सांगेन, काळजी करू नका. त्यांनी मान हलवली. जिना उतरताना म्हणाले की मी काही बोलणार नाही, बोलायचं तूच. खाली कॉरिडॉरमध्ये कीनन आणि दोघं-तिघं मुलं बर्फाच्या पिशव्या गुडघ्याला बांधून बसली होती. व्हेलन त्याच्यापाशी थांबले. मी पुढे गेले नाही, पण ऐकलंही नाही, मुद्दाम नाही ऐकलं. कीनन उभा राहिला होता आणि ‘नो सर, नो सर’ म्हणत होता एवढं दिसलं. मग ते आले.

बर्डेटने आम्हा दोघांना एकदम बघितलं आणि त्याचा चेहराच पडला. त्याला मी एकटी हवी होते. दार लावा म्हणाला. व्हेलन भिंतीशी उभे राहिले, टोपी हातात. मी टेबलापुढे उभी राहिले आणि मला घरचा स्टेज दिसला नाही, बाबा दिसले नाहीत, काहीच दिसलं नाही, फक्त बर्डेटच्या टेबलावरचा स्टेपलर. म्हटलं, कॉलची निवड चांगली आहे, प्रश्न तो नाही. म्हटलं, कीनन ढिला नाही, त्याला कॉल उशिरा मिळतोय. म्हटलं, चौथ्या सामन्यापासून सुरू झालंय, हे मला तेव्हाच दिसलं होतं आणि मी सांगितलं नाही. बर्डेटने पेन खाली ठेवलं. किती उशीर, त्याने विचारलं. माझ्या मागे भिंतीशी त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“थोडासा,” मी म्हणाले. “पूर्वी आठ सेकंद होते, आता साधारण दहा-अकराच्या आसपास.”

“तेरा,” व्हेलन मागून म्हणाले. “तिला तेरा माहीत आहेत. ती मला सांभाळून घेतेय.”

बर्डेट त्यांच्याकडे बघत होता. मला मान वळवायची हिंमत झाली नाही.

“तिला पुन्हा सांगायला लाव,” व्हेलन बर्डेटला म्हणाले, आणि मग मलाच, “पुन्हा सांग, शरयू. नीट.”

मी पुन्हा सांगितलं. तेरा.